गुरांच्या दवाखान्यातली चिंपांझी

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी यांची बदली मालवण तालुक्यातल्या एका गावी झाली. हे गुरांचे डॉक्टर. दवाखाना म्हणजे चिऱ्याच्या दोन खोल्या, मागच्या बाजूला गुरं अडकवायचा लोखंडी खोडा आणि त्याच्यासमोर आजारी जनावर ठेवायचा गोठा. गोठ्याला तीन बाजूंनी भिंत, चौथी बाजू उघडी. त्याला लागूनच आमचं क्वार्टर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहिलं की गोठ्याचा कोपरा न् कोपरा दिसायचा. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि गावात वीज आली होती, पण ती असण्यापेक्षा नसायचीच जास्त.

मी शेतकऱ्याच्या घरची, माहेर मसुऱ्याच्या पलीकडे. मारक्या बैलाच्या अंगावर ओरडत जायची मला सवय होती. त्यामुळे जनावराची भीती वाटणं म्हणजे काय, हे मला त्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं असंच म्हणायला हवं.

त्या वर्षी आंगणेवाडीची जत्रा आटपली आणि तिच्या पाठोपाठ एक लहानशी सर्कस तालुक्याच्या गावी येऊन उतरली. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात त्यांनी तंबू ठोकला. एका सकाळी त्यांचा टेम्पो आमच्या दवाखान्यासमोर थांबला. मागचं फळकूट खाली पडलं आणि एक पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस खाली उतरला. त्याच्या कमरेला पाय आवळून, खांद्यात तोंड खुपसून काहीतरी काळं बसलं होतं. मला आधी वाटलं, घोंगडीत गुंडाळलेलं पोर आहे. मग त्या पोराने खोकला काढला आणि मान वर केली.

ती चिंपांझी होती. मादी, अजून पुरती वाढ न झालेली. उंचीला पहिलीतल्या मुलीएवढी, पण हात गुडघ्यांच्या खाली पोचणारे आणि बोटं माझ्या बोटांच्या दुप्पट जाड. छातीत कफ भरला होता. सर्कशीत धुळीने आणखी वाढेल म्हणून तिला काही दिवस दवाखान्यात ठेवून घ्या, असं त्या माणसाचं म्हणणं होतं. तो तिचा शिकवणारा. मूळचा केरळातला, हिंदी मोडकीतोडकी. तिला तो "मोळे" म्हणायचा. त्याच्या भाषेत मोळे म्हणजे मुलगी, हे त्यानेच सांगितलं.

यांनी त्या दिवशी जेवताना घास हातात धरून मला विचारलं, "हिका गुरांचा औषध देवचा की माणसांचा?"

"माका काय विचारतास? डॉक्टर तुमी," मी म्हटलं.

शेवटी हे सरकारी दवाखान्यातल्या माणसांच्या डॉक्टरांना जाऊन भेटले आणि दोघांनी मिळून, लहान मुलाला वजनाप्रमाणे देतात तशी औषधाची मात्रा ठरवली. गोठ्यात बैल बांधायची लोखंडी कडी होती, तिला लांब साखळी लावून चिंपांझीला बांधलं. शिकवणारा तिच्या शेजारीच चटई टाकून राहिला. तिच्यासाठी पातळ पेज आणि केळी माझ्या स्वयंपाकघरातून जायला लागली.

आमचा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. शेजारच्या काकी दुसऱ्याच दिवशी येऊन मला दटावून गेल्या. "वैनीनू, पोराक घेवन त्या खिडकीत उभ्या रवा नको. वांदराची जात ती. कधी उचलून व्हरतली, समजाचा नाय तुमका."

मी हसण्यावारी नेलं, पण खिडकी लावून घ्यायला लागले. आणि गंमत अशी, की लावलेली खिडकी पुन्हा फटीएवढी उघडून मी बघतही राहायची. भीती वाटते त्याच्याकडे बघितल्याशिवाय राहवत नाही माणसाला. माझ्या मुलाच्या रडण्याचा आवाज तिच्यापर्यंत गेला की ती खोकता खोकता थांबायची, मान तिरकी करायची आणि ओठ पुढे काढून बारीक "हू… हू…" करायची. तो आवाज ऐकला की मी मुलाला उराशी घट्ट धरायची. त्यात राग नव्हता, हे मला कळत होतं. काय होतं ते कळत नव्हतं, म्हणूनच भीती.

खिडकीतून बघता बघता मला त्या दोघांचं बोलणं कळायला लागलं. बोलणंच म्हणते, कारण दुसरा शब्द नाही. सकाळी तो उठला की सरळ तिच्यासमोर कधी जायचा नाही. अंग तिरकं करून, खाली बसत बसत, तिच्या डोळ्यांत न बघता जायचा. मनगट वाकवून हाताची मागची बाजू पुढे करायचा. ती त्या मनगटाला ओठ लावायची. मग तो तिच्या पाठीचे केस विंचरल्यासारखे उलटसुलट करायचा, ओठांनी चुटचुट आवाज काढत. थोड्या वेळाने तीही त्याच्या डोक्यात बोटं घालून बसायची. खायला हवं असलं की तळहात वर करून हात लांब करायची, देवळाबाहेर बसलेल्या म्हातारीसारखी. त्याने आवाज चढवला तर लगेच दोन्ही हात पसरून त्याला मिठी मारायची आणि तोही रागावणं विसरून तिला थोपटायचा.

गावातले लोक बघायला यायचे. ते जमले की ती ओठ मागे खेचून सगळे दात दाखवायची. "बग रे बग, हसता कशी!" म्हणून लोक खूश व्हायचे. तो मात्र तोंड वाकडं करून म्हणायचा, "हसती नहीं. डरती है." मला आधी पटलं नाही. मग एका दुपारी त्याने तिला काखेत गुदगुल्या केल्या तेव्हा ती खरी हसताना दिसली. तोंड सैल उघडं, वरचे दात ओठाखाली झाकलेले, आणि घशातून धाप लागल्यासारखा आवाज. दोन्हींत काही साम्य नव्हतं.

तिचा खोकला कमी झाला. सर्कस तोवर पुढच्या गावी गेली होती आणि आठवडाभरात टेम्पो येऊन तिला नेणार असं ठरलं होतं. त्याच सुमाराला घाटाखालच्या गावांतून गुरांना खुरकुताची साथ लागल्याची बातमी आली आणि हे पहाटेच्या एसटीने तिकडे गेले, दवाखान्यातल्या शिपायाला सोबत घेऊन. संध्याकाळी येणार होते.

आदल्या दिवसापासून तो शिकवणारा अंगावर पोतं ओढून बसला होता. मी पेज द्यायला गेले तेव्हा विचारलं होतं, तर "थोडा बुखार" एवढंच म्हणाला. त्या दिवशी मी सकाळची कामं उरकली, मुलाला पाजून झोपवलं, सुरंगीच्या फुलांचा वळेसार काकींनी दिला होता तो केसांत माळला आणि भात वैरायला घेतला. उन्हं डोक्यावर आली होती. तेवढ्यात गोठ्यातून तो आवाज आला.

आधी नेहमीचं "हू… हू…". मग ते वाढत गेलं, तुटलं, आणि त्याची एक किंकाळी झाली. इतक्या वरच्या पट्टीतली, की माझ्या हातातलं तांदळाचं ताट खाली पडलं. मुलगा दचकून उठला आणि रडायला लागला.

मी खिडकी ढकलली. शिकवणारा चटईवरून अर्धा बाहेर आला होता. त्याचे डोळे पांढरे, जबडा आवळलेला, हातपाय झटके देत होते. तोंडातून फेस. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, अंगावरचा केस न् केस ताठ. झटके थांबले तेव्हा ती वाकली आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. मग त्याचा हात धरून त्याला बसता केला. सोडल्यावर तो पडला. तिने पुन्हा बसता केला. तो पुन्हा पडला.

मी मुलाला काखोटीला मारून रस्त्यावर धावले आणि ओरडले. दुपारची वेळ, पण माणसं जमायला वेळ लागला नाही. काकी आल्या, काकींचे यजमान आले, काजूच्या बागेतले गडी आले. त्यातले दोघे दोर घेऊन गोठ्याकडे निघाले. ते उघड्या बाजूला पोचायच्या आत ती साखळीच्या टोकापर्यंत आली. पत्र्याची बादली तिने एका हाताने अशी भिरकावली, की ती खोड्याच्या लोखंडावर आपटून चपटी झाली. एक गडी मागच्या मागे पडला, उठला आणि जो पळाला तो थेट पाणंदीत जाऊन थांबला. लोखंडी कडी भिंतीत हललेली मला दिसली. आजूबाजूचा चुना खाली सांडला होता.

साखळी लांब होती. चटईपर्यंत जायचं तर तिच्या हाताखालूनच जायला हवं होतं.

"खंय आसत डॉक्टर?" कोणीतरी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत येवचे नाय," मी सांगितलं.

"तवसर ह्यो माणूस मरतलो."

वाडीतल्या एका बागायतदाराकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. त्याला कोणी बोलावलं ते मला माहीत नाही. तो आला, बार भरूनच आला. खोड्याच्या आडव्या दांड्यावर त्याने नळी टेकवली.

मी म्हटलं, "भावोजीनू, छरे उडतले. त्या माणसाक लागतले."

"मगे काय करूया, सांगा तुमी," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. "सुटली तर हंय कोणाक सोडूची नाय ती."

खरं होतं ते. त्याच वेळी चटईवरचा माणूस कण्हला. त्याचा एक हात जमिनीवरून थोडा उचलला गेला आणि पडला. तिने तो हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला, आणि तो घसरून खाली आला.

मी का गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. शूर होते म्हणून नक्कीच नाही. त्या जमावात तिने रोज पाहिलेला चेहरा एकच होता, माझा. आणि तिच्याजवळ कसं जायचं, हे फक्त मी खिडकीतून बघितलं होतं. मी मुलाला काकींच्या हातात दिलं. काकींनी माझा पदर धरला. "वैनी, खुळ्या झालास काय? पोर आसा तुमचा!" मी पदर सोडवला. तेवढंच मला आठवतं. पुढची दहा पावलं कशी गेली, आठवत नाही.

गोठ्याच्या तोंडाशी मी खाली बसले. अंग तिरकं केलं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीकडे नजर लावून बसल्या बसल्या पुढे सरकायला लागले. तिचे पाय दिसत होते, तेवढेच. ते पाय जागचे हलत नव्हते. मी मनगट वाकवून हात पुढे केला. "हू, हू" म्हणायचं होतं, पण तोंड इतकं कोरडं पडलं होतं, की नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला काहीतरी आवाज निघाला.

साखळी वाजली. तिचा वास आला, घामाचा, केळ्यांच्या सालींचा, औषधाचा. मग माझ्या मनगटाला ओठ लागले, आणि ओठांच्या मागोमाग दात. चावा नव्हता तो. दात कातडीवर टेकून थांबले होते. माझी नाडी तिच्या दातांवर आपटत होती आणि मला वाटलं, हिला कळतंय, मी किती घाबरले आहे ते. मी डोळे मिटले. मुलाचं तोंड डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि ते येईना.

दात सुटले. तिने माझं मनगट मुठीत धरलं आणि मला ओढलं. एखादं पोर आईला ओढत नेतं तसं, पण त्या ओढीत मी जमिनीवरून अक्षरशः घसरत गेले. चटईपाशी नेऊन तिने हात सोडला आणि त्या माणसाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी त्याच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलं होतं. श्वास चालू होता.

ती माझ्या पाठीमागे जाऊन बसली. पाठीमागे! समोर होती तोवर निदान पाय तरी दिसत होते. आता काहीच दिसत नव्हतं. माझ्या अंबाड्यावर बोटं आली. तिने वळेसार ओढून काढला, हुंगला, आणि एकेक फूल खायला लागली. मग माझे केस सोडले आणि त्यात बोटं फिरवू लागली, ओठांनी चुटचुट करत.

मी मान न हलवता, ओठ शक्य तेवढे मिटून, बाहेर बघत बोलले, "आता येवा. भिंतीकडसून. उठा नको, बसानच येवा."

काकींचे यजमान आणि एक गडी भिंतीला चिकटून रांगत आले. बंदूक खोड्यावर तशीच होती. तिची नळी आता माझ्यावरही रोखलेली होती, कारण ज्यावर ती रोखली होती ते माझ्या पाठीला चिकटून बसलं होतं. दोघांनी चटईची टोकं धरली आणि ओढायला सुरुवात केली. चटई खरखरली.

माझ्या केसांतली बोटं थांबली.

मग ती किंकाळी, माझ्या कानाशेजारी. मी वळून बघितलं. तिचे सगळे दात दिसत होते, हिरड्यांसकट. ती त्या दोघांच्या अंगावर जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती माझ्यावर आली. दोन्ही हात पसरून आली आणि माझ्या मानेला मिठी पडली. काकी किंचाळल्या. "बाजूक व्हा, बाजूक व्हा!" बागायतदार ओरडत होता. मी कुठे बाजूला होणार? छाती आवळली गेली होती, श्वास घेता येत नव्हता. मनाने मी मेले होते, एवढंच खरं.

आणि मग मला जाणवलं, की ती थरथरते आहे. माझ्या पोटावर काहीतरी गरम पसरलं. तिने भीतीने माझ्या लुगड्यावर केलं होतं. तिचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं, माझ्यापेक्षा जोरात. तो माणूस रागवायचा तेव्हा ती अशीच त्याच्याकडे धावायची, हे मी किती वेळा खिडकीतून बघितलं होतं! तिचं माणूस कोणी ओढून नेत होतं, समोर लोकांची झुंड आणि आरडाओरडा होता, आणि बिलगायला त्या गोठ्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

माझा हात आपोआप वर गेला आणि तिच्या पाठीवर पडला. मुलाला ढेकर काढायला थोपटते तशी मी तिला थोपटायला लागले. "न्हेवा त्यांका," मी हळू म्हटलं. "आणि ती बंदूक खाली करा. ती माका काय करूक नाय हा."

चटई बाहेर गेली. बैलगाडीत घालून त्यांनी त्या माणसाला रस्त्यावर नेलं आणि तिथून मासळीच्या टेम्पोतून सरकारी दवाखान्यात. बैलगाडीचा आवाज दूर गेल्यावर तिची मिठी सैल झाली. ती चटई होती त्या जागेवर गेली, वाकून जमीन हुंगली आणि तिथेच अंग मुडपून बसली. मी बसल्या बसल्या मागे सरकले. साखळीच्या पल्ल्याबाहेर येईपर्यंत उठले नाही. काकींनी मला धरून घरात नेलं, आंघोळ घातली. संध्याकाळी हे आले तेव्हा मी अंगावर चादर घेऊन बसले होते, उकाड्यात. यांनी सगळं ऐकलं, माझं मनगट उलटसुलट करून बघितलं आणि खूप वेळ ते हातातच धरून ठेवलं. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले एवढंच, "माझ्यापेक्षा तुका जास्त कळला गो. पण परत असा करू नको."

दोन दिवसांनी आम्ही दोघं त्या माणसाला बघायला गेलो. हिवताप डोक्यात गेला होता, पण शुद्धीवर आला होता तो. मला बघताच उठून बसायचा प्रयत्न करायला लागला.

"बहनजी, उसने आपको कुछ किया तो नहीं?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही केलं."

तो रडायला लागला. मग त्याने सांगितलं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका मुक्कामावर तो असाच आजारी पडला होता. तिला खायला घालायला सर्कशीतलीच एक बाई गेली. प्रेमळ बाई होती. समोर बसली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि हसली. चांगलं दात दाखवून, खुल्या मनाने हसली. डोळ्यांत बघून दाखवलेले दात तिला धमकी वाटले; पुढचं त्याने आपल्या गालावरून बोट फिरवून दाखवलं.

ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी मी घाबरले होते त्याहून जास्त मी त्या खाटेशेजारी घाबरले. यांनी मला स्टूल दिलं. मी हसले होते का? आठवून आठवून बघितलं. नव्हते हसले. हसायला लागतं तेवढंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. लोक म्हणतात, भ्यायलं की जनावर अंगावर येतं. माझी भीतीच मला त्या दिवशी उपयोगी पडली होती, तिने माझे ओठ शिवून टाकले होते म्हणून.

आणि तो माणूस अजून खाटेवरच होता. म्हणजे तिला खायला घालणं माझ्याकडेच होतं. यांनी करून बघितलं, पण इंजेक्शनं यांनीच दिली असल्यामुळे यांना बघितलं की ती भिंत धरायची. मी जायची. यांच्या हातात दोर, मागे उभे. रोज मी मनगट पुढे करायची, रोज ते दात यायचे, टेकायचे, सुटायचे. लोक समजतात, एकदा भीतीतून बाहेर पडलं की ती संपते. माझी एक दिवसही कमी झाली नाही. उलट त्या बाईचा गाल आता रोज माझ्याबरोबर गोठ्यात यायचा.

त्या दिवसांत माझं हसणं बंद झालं. ठरवून नव्हे. पण ती खिडकीतून मला बघते, हे डोक्यात बसलं होतं. मुलगा नुकता ओळखीचं हसायला लागला होता, बोळकं उघडून, अगदी जोरात. तो हसला की मी त्याला उचलून आतल्या काळोख्या खोलीत न्यायची, दार लोटायची आणि मग त्याच्याकडे बघून हसायची. एकदा यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून जाड कागद लावून टाकला.

ती पहिले दोन दिवस काही खात नव्हती. मग पेजेत बोट बुडवून चाटायला लागली. संध्याकाळी कावळे घरी निघाले की ती साखळी ताणून रस्त्याकडे तोंड करायची आणि एक लांब, चढत जाणारी साद घालायची. शेवटी ती साद ओरडण्यात संपायची. सगळी वाडी ऐकायची. बायका पोरांना आत घ्यायच्या. पलीकडून कोणाची साद येणार होती? तिच्या जातीचं दुसरं कोणी त्या अख्ख्या किनाऱ्यावर नसेल.

तो माणूस परत आला तेव्हा हाडांचा सापळा होता. काठी टेकत फाटकातून आला. मी ओट्यावर होते. तिने त्याला बघितलं आणि पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून बसली. तो तिरका होत, बसत बसत गोठ्यात गेला आणि तिच्या पाठीमागे बसून राहिला. कितीतरी वेळ. बोलला नाही, हात लावला नाही. मग तिने न बघता एक हात मागे केला. त्याने त्यावर मनगट ठेवलं. त्यानंतर जो आरडाओरडा झाला, मिठ्या, किंकाळ्या, उड्या, तो बघायला सगळी वाडी कुंपणाशी जमली आणि तो बागायतदार डोळे पुसत म्हणाला, "माका गोळी घालूक लावत होतास रे तुमी."

टेम्पो आला तेव्हा मी मुलाला कडेवर घेऊन बाहेर उभी होते. तो तिला कमरेवर घेऊन चढला. तिने फळकुटाच्या फटीतून माझ्याकडे हात लांब केला, मनगट वाकवून. मी मुलाला यांच्याकडे दिलं. पुढे गेले आणि माझं मनगट तिच्यासमोर धरलं. या खेपेलाही ओठ घट्ट मिटूनच. तिने ओठ लावले. टेम्पो आंबोलीच्या दिशेने गेला, घाट चढून पुढे बेळगावकडे मुक्काम होता म्हणे. नंतर तिचं काही कळलं नाही.

मी मुलाला घेऊन घरात आले, खिडकीचा कागद फाडला आणि भरदुपारी, उजेडात, त्याच्याकडे बघून हसले. त्यालाही नवल वाटलं असावं. तो आधी नुसता बघतच राहिला.

गोठा शिपायाने धुतला, सारवला, चुना मारला. पण पुढे पावसाळ्यापर्यंत तिथे कुठलाही बैल आणला, तरी कडीजवळ येताच तो नाकपुड्या फेंदारायचा आणि चारही पाय रोवून मागे सरायचा. हे दोर ओढायचे, शिपाई शेपटी पिरगाळायचा, आणि मी खिडकीतून म्हणायची, "रवांदे. तेका नाय येवचा तर भायरच बांधा."